विलायती ढोल शेकला तेव्हा

आमच्या घराण्यात हलगी पिढ्यानपिढ्यांची आणि कॉलेज फक्त माझ्यापासूनचं. मला दोन्हींचा अभिमान आहे, सांगायला लाज कसली?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमचे वडील, आबा, केम गावाहून सोलापूरला येऊन गिरणीत लागलेले. थोरला दादा लग्नाच्या बँडमध्ये साइडड्रम वाजवायचा. गळ्यात पट्टा, वरातीपुढे चालायचं, आणि पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर मांडवामागे जेवायचं. त्या जेवणाचा त्याला वीट आला होता. भवानी पेठेतला एक ऑर्केस्ट्रावाला त्याला म्हणाला होता, "स्वतःचा ड्रमसेट आण, स्टेजवर बसवतो." बसवतो, हा एकच शब्द दादा घरभर घोळवत फिरायचा. आमच्यात आजवर बसून कुणी वाजवलंच नव्हतं.

रेल्वे क्वार्टर्समधले एक रिटायर गार्ड आपला जुना सेट विकणार होते. इंग्रजांच्या काळात क्लबातल्या नाचांना वाजलेला. गुलबर्ग्याचं दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळच्या गाडीने येणार असल्याचं कळलं, म्हणून आम्ही भर दुपारीच निघालो. मला नेलं इंग्रजी बोलायला, आबांना कातडं पारखायला. दादा आमच्या पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा, परत पुढे.

गार्डसाहेब बनियनवर होते आणि हिंदी-मराठीच बोलत होते, त्यामुळे माझं अर्धं काम तिथेच संपलं. व्हरांड्यात सेट मांडलेला होता. पायाने वाजवायचा मोठा ढोल, छोटा ड्रम, तडा गेलेली झांज. ढोलाची मागची बाजू उघडी, आत लाकडाला बल्बचा होल्डर ठोकलेला. तो कशाला, ते आम्हा तिघांनाही कळेना. ढोलावरच्या पितळी बिल्ल्याची अक्षरं मी खणखणीत वाचली, "मेड इन इंग्लंड."

"मोठ्यानं कशाला वाचतुयास?" दादा माझ्या कानाशी आला. "भाव चढल की! बी.ए. झालास का दवंडीवाला?"

"गंजलाय पण," मी तितक्याच मोठ्याने म्हणालो.

गार्डसाहेब स्टूल आणायला आत गेले. आबांनी बोटाच्या पेराने मोठा ढोल ठोकला. आवाज भद्द आला.

"कातडं खरं हाय, पन गार पडलंय. शेकल्याबिगर भाव कसा सांगायचा?"

हलगी जाळावर धरल्याशिवाय आमच्याकडे कुणी तिच्यावर थाप टाकत नाही. आबांनी अंगणातला पाचोळा गोळा करून पेटवलासुद्धा. ढोल आम्ही जाळापासून हातभर लांब धरला. कातडं ताणलं गेलं. आबांनी थाप मारली ती थेट छातीत घुमली. दादाचा चेहरा उजळला.

"आता ल्हान दे."

छोट्या ड्रमचं तोंड पांढरं, गुळगुळीत होतं. जाळावर धरलं तसं ते सुरकुतलं, आक्रसलं आणि मधोमध भोक पडलं. जळक्या कंगव्यासारखा वास सुटला.

"आयला! ह्ये कुटल्या जनावराचं?" आबा म्हणाले.

स्टूल घेऊन आलेले गार्डसाहेब दारातच उभे राहिले. लांबून इंजिनाची शिट्टी आली आणि दादा दचकला. गार्डसाहेबांनी भोक पाहिलं, मग मोठ्या ढोलावर टिचकी मारली.

"अरे, ये तो बोलने लगा!" त्यांनी आतला होल्डर दाखवला. "पावसाळ्यात इथे बल्ब लावून कातडं गरम करायचो. छोट्याला मी प्लास्टिक बसवलं होतं. उसको आग नहीं दिखाते, बाबा!"

आबांनी पडलेली मान तेवढ्यात वर केली. "बघा! इंग्रजाचा ढोलबी शेकूनच वाजतुया."

"आन् भोक?" दादा रडकुंडीला आला होता.

"शेरडाचं कातडं चढवतो की."

"भोक तुमचं तुम्ही बुजवा, भाव मी सांगेन तोच," गार्डसाहेब म्हणाले. "पण आधी वाजवून दाखव. गुलबर्गेवाला दुकानदार आहे, तो शोभेला ठेवील. वाजवणारा असशील तर तुला."

दादा स्टुलावर बसला. हात सुरेख पडले, पण चार ठेक्यांत तो उठून उभा राहिला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. पायांना चालल्याशिवाय ताल सापडेना. परत शिट्टी झाली. बी.ए.ची परीक्षा देताना मला घाम फुटला नव्हता, तो इथे फुटला.

आबा त्याच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याचे खांदे दाबून धरले. "बस रं. आता कुनाच्या म्होरं चालायचं न्हाय."

दादाने डोळे मिटले. पायाचा ठोका ढोलावर बरोबर पडू लागला. छोट्या ड्रमच्या भोकाभोवती, कडेच्या लोखंडावर त्याने काड्या चालवल्या. गार्डसाहेब कठड्याला टेकून ऐकत राहिले. दादा थांबला तसे ते सरळ झाले. मग म्हणाले, "ले जाओ."

त्यांनी सांगितला तो भाव मोजून टांगा केला. मी आणि आबा ढोल धरून बसलो. दादापुरती जागा होती, पण तो काही केल्या चढेना. हातात नुसत्या काड्या घेऊन घोड्याच्या पुढे चालत राहिला. आबा मागून ओरडत होते, "आरं, बस की आता!"