उतारावर अंथरलेले फ्लेक्स

महामार्गासाठी डोंगर उभा कापला, तेव्हापासून सुमनकाकूंचं घर ऐन कडेवर आलंय. खाली सगळी चिकणमाती. पाणी प्यायली की सरकते. टाकाऊ टायरांत खडी भरून, जुन्या प्लास्टिकचे खुंट खोल ठोकून असा उतार धरता येतो, हे आम्ही पत्रकं छापून, मोर्चा काढून ओरडून सांगितलं. ठेकेदाराने वाढदिवसांचे जुने फ्लेक्स आणून मातीवर अंथरले. हाच म्हणे पुनर्वापर!

काल काकूंच्या अंगणातून खाली पाहिलं. हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या शेजारी आमच्याच मोर्चाचा फ्लेक्स पसरलेला होता. संताप यायला हवा होता. आला नाही.

"तुमचाच तेवढा फाटला नाही गं," काकू हसल्या.

"काकू, पावसाळाभर मुलीकडे जा."

"आणि म्हशीला कुठे नेऊ? जावयाच्या फ्लॅटमध्ये?"

झाकलं की सावरलं, असंच आपल्याला वाटायला लागलंय बहुतेक. खड्डा असो, गटार असो, वर कुणाचा तरी हसरा चेहरा पसरला की झालं.

वाऱ्याने अंगणाकडच्या फ्लेक्सचा एक कोपरा उचलला. खाली हात जाईल एवढी भेग, थेट गोठ्याकडे गेलेली. काकू बघतच राहिल्या.

"दगड ठेव गं त्याच्यावर," त्या हळूच म्हणाल्या.

मी ठेवला.