खिशात मावणारा अँटेना

सांगलीत एम.ई. करत होते, तेव्हा मोबाइल फोन आमच्याकडे अजून पोचायचे होते. माझा विषय लहान अँटेनाचा. एकाच तुकड्यावर दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी चालल्या पाहिजेत. तांब्याचा थर असलेल्या पाटीवरचं नको ते तांबं रसायनात विरघळवायचं, मधे बारीक फट पाडायची आणि मोजून बघायचं. फट लांब केली की पाटी लहान करता यायची, पण सिग्नल मंदावायचा. शेवटी बिस्किटाएवढ्या तुकड्यावर दोन्ही फ्रिक्वेन्सी मिळाल्या. पल्ला मात्र कमी पडत होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आकार थोडा वाढव, आकडे चांगले दिसतील. मलाही तेच सोपं वाटत होतं.

त्याच आठवड्यात उंब्रजहून वडील भेटायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फौजेत ते वायरलेस सेट सांभाळायचे. चाचणीला कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी रिसीव्हर आणि माझा अँटेना त्यांच्या हातात दिला आणि कॉलेजच्या मैदानात चालत जायला सांगितलं. चिंचेपाशी पोचेपर्यंत मीटरचा काटा पडला. मी हिरमुसले. परत आल्यावर आबा मात्र तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिले.

लढाईबद्दल ते घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. सेट पाठीवर असायचा आणि डोक्याच्याही वर काठीएवढा एरियल, म्हणजे सेटचा अँटेना. त्यांची तुकडी उसातून पुढे सरकत होती.

"उसात माणूस दिसत न्हवता," ते म्हणाले. "एरियल दिसला."

मग म्हणाले, "सेट माझ्याकडं असायचा व्हता. माजा पाय मुरगळला, म्हणून जोडीदारानं घेतला. त्यो परत आला न्हाई."

त्यांनी तो तुकडा शर्टाच्या खिशात घालून पाहिला. "हे बारीकच राहू दे गं," एवढंच म्हणाले.

मी आकार वाढवला नाही. पल्ला कमी पडतो हे प्रबंधात सरळ लिहून टाकलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यावरच धरलं आणि गुण बेताचे मिळाले. सरांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

निकाल सांगायला उंब्रजला गेले, तर आबा घरी नव्हते. आई म्हणाली, औंधाकडे गेलेत, जोडीदाराच्या घरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. संध्याकाळी आले ते थकलेले होते. त्याच्या बायकोनं जेवायला बसवून घेतलं, म्हणाले, आणि सगळं ऐकून घेतलं. मग हातपाय धुऊन माझ्याशेजारी बसले आणि निकाल विचारला.