कोऱ्या बाहीचा शिपाई

माझ्या पत्नीच्या मामांइतके मोठे सैन्य मुलुंडमध्ये कोणीही बाळगले नसेल. दोन खोल्यांच्या त्या घरात तेवीस फौजा मुक्कामाला होत्या. कुणाच्या टोपीत मोरपंखासारखा तुरा, कुणाच्या कमरेला चुण्यांचा घागरा, आणि त्यांच्या सोबतीला लाकडी जोडे घातलेली एक परदेशी कोळीण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेली ही चित्रे. रेषा तेवढ्या छापील. रंग एकेका प्रतीवर कुणीतरी हाताने भरलेले. घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडून मामांनी ती एकेक करून सोडवून आणली होती, आणि त्यांना भिंत मिळावी म्हणून स्वतःच्या लग्नाचा फोटो स्वयंपाकघरात हलवला होता. "लग्न माझ्याशी लागलं, पण संसार ह्या पलटणीशी," असे मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि सांगता सांगता पदराने एखाद्या सरदाराची काच पुसत.

मामा पेशाने कटर होते. गणवेश शिवणाऱ्या दुकानात त्यांची हयात गेली, त्यामुळे चित्राकडे ते रसिकाच्या नव्हे, तर कात्रीच्या नजरेने पाहत. "ह्या घागऱ्याला अकरा वार तरी कापड लागलं असेल हो," असे म्हणून ते त्या ग्रीक योद्ध्याच्या चुण्या पुन्हा मोजत. प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने कापडाचा अंदाज आणि रंगवणाऱ्या हाताची खोड टिपलेली असे. एकदा अंधेरीच्या एका लग्नाच्या बँडसाठी त्यांनी भिंतीवरच्या घोडेस्वाराबरहुकूम कोट शिवले. ऐन मे महिन्यात ती वरात निघाली. दुसऱ्या दिवशी बँडमास्तर गळा चोळत आला. "मामा, कॉलर एवढी टाइट! ट्रंपेट फुंकायला श्वास कुठून आणू?" मामा शांतपणे म्हणाले, "अरे, तो कोट लढायला बेतलेला आहे. फुंकायचं त्या काळी दुसरे बघत."

पण त्यांचा खरा जीव एका देशी पलटणीच्या शिपायावर होता. त्याचा कोट लालभडक, पट्टे पांढरे, मिशा काळ्या. फक्त उजवी बाही कोरी राहिलेली. मामांचे म्हणणे असे, की रंगवणारी कोणी बाई होती, आणि नेमकी त्या बाहीपाशी तिला जेवायला हाक आली. रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन ते शिपायाला विचारत, "काय रे, आल्या का बाई जेवून?" आणि त्याच्या वतीने स्वतःच मान हलवत, "नाही ना? येतील, येतील."

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. हा सवालजवाब मी अनेकदा ऐकला होता. तरीही मी जे केले ते केले, हे आज पन्नाशी उलटल्यावर मला स्वतःपासून लपवता येत नाही. त्या शिपायाची काच तडकली, म्हणून मामांनी तो मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिला. काच बसवण्याआधी मी शाळेतली रंगपेटी उघडली आणि ती बाही भरून टाकली. लाल अगदी जुळला होता. वडीलधाऱ्या माणसाला आनंद द्यावा असे मी मनाला सांगितले. खरे तर मला माझा हात दाखवायचा होता.

खंडेनवमीला मामा कात्री, टेप आणि भिंतीवरचे सारे सैन्य पूजत. त्याच दिवशी मी शिपाई परत नेला. मामांनी चष्मा पुसला, चित्र उजेडात धरले.

"लाल बरोबर जुळवलात, जावईबापू," ते म्हणाले. मग अगदी हळू, शिपायाला, "आल्या रे बाबा. आल्या एकदाच्या जेवून."

त्यांनी काचेवर हळदकुंकवाचे बोट लावले आणि मला आग्रहाने जेवायला बसवले. पुढच्या भेटीत मामींनी मला स्वयंपाकघरात गाठले. "सकाळी चहा घेतात नि नुसते बसतात हो. काय विचारणार आता?" मामांची क्षमा मागायचे मात्र राहून गेले; दर भेटीत पुढच्या भेटीवर ढकलले, आणि एके वर्षी पुढची भेट उरली नाही.

मामींनी तो शिपाई मलाच दिला. घरी आणून मी तो उलटा केला. पाठीवर मामांचे बारीक अक्षर होते: "कापड तीन वार. बाई जेवायला गेल्या. राहिलेली बाही आमच्या जावयांनी भरली. मग तेही जेवले."

माझ्या शाळकरी रंगपेटीतला लाल टिकाऊ नव्हता. बाईंचा कोट आजही तसाच लालभडक आहे. माझी बाही वर्षागणिक फिकी होत होत आता जवळजवळ कोरी झाली आहे. कुंचला मी पुन्हा उचललेला नाही. सकाळी चहा घेताना त्याच्यासमोर बसतो, आणि घरातले कोणी ऐकत नाही असे पाहून विचारतो. बाई अजून आलेल्या नाहीत.