दोन इंच उतरलेली जीप

दुपारी दीडच्या सुमाराला सुभाषचा फोन आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या सुभाषच्या गाईनं दोन दिवस चारा सोडला होता, म्हणून हे सकाळीच तिकडं गेले होते. ‘‘बाई, डॉक्टर बाजंवर बसल्यात, पण बोलंनात...’’ एवढंच म्हणून तो थांबला. त्याच्यामागं कुणीतरी रडत होतं, त्यावरून मला कळायचं ते कळलं. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. ओढ्याला मांडीभर पाणी होतं, दोन्ही बाजूंना चिखल. अँब्युलन्स अलीकडंच थांबली. शेवटी सुभाषनं ह्यांना ह्यांच्याच जीपमध्ये घालून आणलं. मी एरवी बरोबर जायची. त्या दिवशी गॅसचा सिलिंडर यायचा होता म्हणून मागं राहिले. ‘‘राहू दे मग, तासाभरात येतो,’’ असं म्हणाले होते. सिलिंडर आला तेव्हा दारात माणसं जमलेली होती. तो आणणारा माणूस सिलिंडर आत ठेवून निघून गेला.

आम्ही तामलवाडीचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, हे जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. कागदावर पद काहीही असो, गावागावांत ह्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, माणसं सुटली नाहीत. पहाटेपासून फोन सुरू. त्याच सुमाराला ह्यांनी एका ओळखीच्या माणसाची जुनी जीप घेतली. लेक लग्न होऊन पुण्याला गेलेली, मीही घरीच होते, तेव्हा मी ह्यांच्या शेजारी बसून जाऊ लागले. गरम पाण्याची किटली धरायची, गाईचं दावं धरायचं, नाहीतर बायकांबरोबर लिंबाखाली बसायचं. नोकरीच्या तीस वर्षांत आमचं जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं त्या जीपमध्ये झालं.

दुसऱ्या पावसाळ्यात सखूबाईंच्या म्हशीचा प्रकार घडला. सखूबाई एकट्या राहणाऱ्या, ती एकच म्हैस. रेडकू आडवं आलं होतं. आम्ही निघालो, पण वस्ती अजून दोन किलोमीटर असतानाच जीपचं पोट चिखलात टेकलं. चाकं नुसती फिरत राहिली. हे पिशवी खांद्यावर टाकून चालत निघाले. मी गाडीतच थांबले. हे पोचले तोवर म्हैस गेली होती, रेडकूही. सखूबाईंनी बोल लावला नाही, उलट चहा ठेवला. तो चहा ह्यांना प्यायला झाला नाही. गाडीत परत येऊन बसले आणि चिखलानं भरलेले हात मांडीवर तसेच ठेवून म्हणाले, ‘‘अर्धा तास आधी गेलो असतो तर दोन्ही वाचली असती गं.’’

तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात जीप वर उचलायचं घुसलं. फोनवर व्हिडिओ बघायचे, वहीत चित्रं काढायचे, अंगणात टेप घेऊन गाडीखाली आडवे व्हायचे. मलाही समजावून सांगायचे. गाडीचं अंग ज्या पोलादी पाट्यांवर बसलेलं असतं ते पाटे बदलले की अंग वर जातं आणि मोठे टायर आत मावतात. पण आसाचा मधला फुगीर भाग चिखलात रुततो, तो वर घ्यायचा तर टायरच मोठा पाहिजे. म्हणजे दोन्ही करायला हवं. किती, हा प्रश्न. सोलापूरला रशीदभाई म्हणून जुने मिस्त्री आहेत. ते दोन इंच म्हणायचे, हे चार. ‘‘डॉक्टरसाब, चार इंच केली तर दिसायला लई भारी दिसंल, पण बांधावर तिरकी झाली की जीव घाबरंल,’’ रशीदभाईंनी बजावलं होतं. ह्यांच्या डोळ्यांपुढं म्हैस होती. आरटीओच्या ऑफिसात जाऊन काय चालतं, काय चालत नाही ते विचारून आले आणि चार इंचच केले. टायरही चांगले रुंद, मोठमोठ्या खाचांचे घेतले.

गाडी दारात आली तेव्हा मला ओळखूच आली नाही. हे खुशीत होते. ‘‘चल, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ,’’ म्हणाले. मी पाय उचलला. उजवा गुडघा माझा तेव्हाच झिजलेला होता. पाय पायरीपर्यंत जाईना. त्यांनी हात दिला, तरी जाईना. मग त्यांनी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. समोरच्या घरातल्या बायका बघत होत्या... मी म्हटलं, ‘‘जावा तुम्ही, मला भाकरी टाकायच्यात.’’

भाकरी सकाळीच झाल्या होत्या. त्यांनाही ते माहीत होतं.

पुढं वर्षभर मी जीपमध्ये बसले नाही. त्यांनी जास्तीची पायरी जोडून आणली, वर धरायला पट्टा लावला. मी गुडघ्याचं निमित्त सांगत राहिले. खरं सांगायचं तर पायरीवरून मला कसंबसं चढता आलं असतं. गाडीचं पोट दगडाला लागेल का, टायर मडगार्डला घासेल का, वळताना स्टेअरिंग जड होईल का, ह्या सगळ्याचा विचार ह्यांनी महिनोन् महिने केला. शेजारच्या सीटवर कोण बसतं, हे मात्र त्यांच्या वहीत कुठं नव्हतं. ते मला लागलं होतं. बोलून दाखवलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण मी बोलले नाही. संध्याकाळी परत आले की ते ओट्यावर बसून सगळं सांगायचे. कुणाची शेळी, कुणाचा बैल, कुठल्या वस्तीवर नवी सून आली. मी ज्वारी निवडत ‘हं’ म्हणायची. काही दिवसांनी त्यांचं सांगणंही कमी झालं. एकाच घरात आम्ही दोघं गप्प बसून असायचो. तेव्हा मला वाटायचं, आपण त्यांना शिक्षा करतोय. आता घर खरंच गप्प आहे, तर कळतं की ते वर्ष माझंही गेलं.

गाडीनंही त्यांना सुख दिलं नाही. वळणावर डुलायची. काळ्या रानात ते रुंद टायर चिखलावर तरंगल्यासारखे घसरायचे. एकदा बांधावरून उतरताना एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली, हे मला सुभाषच्या बायकोकडून कळलं. ह्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी हे सर्व्हिसिंगला म्हणून सोलापूरला गेले आणि दोन दिवस मुक्काम करून आले. गाडी ओट्याला लावून आंघोळीला गेले. मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आले, तर जीप वेगळी दिसली. टायर अरुंद झाले होते. जवळ जाऊन उभी राहिले, सीट माझ्या कमरेशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पट्टा धरला, पाय टाकला आणि चढले. गुडघा दुखला, पण चढले. बसले आणि बघते तर हे दारात उभे, टॉवेल खांद्यावर.

‘‘किती कमी केली?’’ मी विचारलं.

‘‘दोन इंच. रशीदभाई म्हणाले तेच खरं निघालं. टायर अरुंद घेतले. रुंद टायर वरच्या वर घसरतो, अरुंद चिखल कापून खालच्या मुरमाला लागतो.’’ मग म्हणाले, ‘‘सगळी मापं घेतली होती बघ. तुझ्या गुडघ्याचं तेवढं राहिलं. आधी विचारायला पायजे होतं.’’

मी खाली उतरले नाही. ते ओल्या केसांनी तसेच येऊन बसले आणि आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत त्यांनी वर्षभराचं सगळं सांगितलं, जे मी एकदा ऐकलं होतं तेही... मी पुन्हा विचारत होते आणि ते पुन्हा सांगत होते.

त्यानंतर तीन पावसाळे मिळाले. जीप एकदाही अडकली नाही. सखूबाईंनी पुन्हा एक म्हैस घेतली, ती ह्यांच्या हातून सुखरूप व्याली. त्या दिवशीचा चहा ह्यांनी दोनदा मागून घेतला.

हे गेल्यावर जलदान विधी झाला, लेक आठ दिवस राहून गेली. ‘‘आई, माझ्याकडं चल,’’ म्हणाली. येते म्हटलं, गेले नाही. जीप विकणार का, म्हणून दोघंतिघं विचारून गेले. मी रोज सकाळी फडकं घेऊन ती पुसते. घरात दुसरं काही करायला सुचत नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई दारात आल्या. तिशीच्या असतील, चणीनं लहान. सुभाषच्या शेजारची गाय अडली होती आणि त्यांची स्कूटी ओढ्याशी थांबली होती. ‘‘बाई, जीप मिळंल का? मला चालवता येते,’’ त्यांनी विचारलं. मी किल्ली दिली. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही येता का? वाट मला नीट ठाऊक न्हाय.’’ मी पायात चप्पल घातली.

त्या स्टेअरिंगमागं बसल्या, पण पाय क्लचपर्यंत पोचेना. हे सहा फुटांचे, सीट पार मागं सरकवून चालवायचे. डॉक्टरीणबाईंनी खाली हात घालून खटका चाचपला आणि मला विचारलं, ‘‘सीट पुढं घेऊ का?’’

मी त्यांना थांबायला सांगितलं. घरात गेले, दिवाणावरच्या दोन जाड उशा आणल्या आणि त्यांच्या पाठीशी लावल्या. त्यांनी पाय टाकून पाहिला, पोचला. मग गाडी चालू केली. सीट जिथं होती तिथंच आहे.