रहीमभाईंचा कान अन् बिजलीघराचं तेल

तेलाचं भांडं कितीबी घासा, बोट फिरवलं की चिकट लागतंयच. नांदेडच्या बिजलीघरातले किस्से तसेच. निजामाचं राज्य होतं, आमचे मालक तिथं कामाला. रोज दुपारी भाकरी घेऊन मी जायची, तवापासून चिकटलेत.

*

ट्रान्सफार्मरात तेल वततेत, हे सासूबाईंना पटंना. "बिजलीला तेल? कंदील हाय का तो?"

मालक म्हणाले, "आतल्या तारा थंड राहत्यात. अन् बिजली डब्याबाहेर उडत न्हाई."

"म्हंजी सुनेसारखंच की. डोकं थंड ठेवायचं, अन् घरातलं बाहेर जाऊ द्यायचं न्हाई."

*

मुखेडच्या चुलतसासऱ्यांनी ते तेल वाटीभर मागून नेलं, गुडघ्याला चोळायला. आठ दिवसांनी मी विचारलं, गुण आला का?

"गुडघा तसाच हाय. पण वासानं तुझी चुलतसासू लांब बसून राहिली. लई आराम हाय."

*

त्या तेलाचं वैर पाण्याशी. थेंबभर जरी मिसळलं तरी ट्रान्सफार्मर जळायचा. म्हणून फोरमन रहीमभाई नवं तेल वाटीत घेऊन त्यात शेगडीवर तापलेली सळई बुडवायचे. चरचरलं की पाणी हाय. फोडणीत ओली मिरची पडल्यावानी.

शेगडीच्या उबेला बिजलीघराची मांजर बसायची. एकदा तिच्या शेपटीवर तेल उडालं. तवापासून जरा चरचरलं की मांजर थेट भिंतीवर. अन् गप झालं की हट्टानं पुन्हा तिथंच.

*

पुढं हैदराबादचा साहेब तपासणीला आला. मागून तीन हाका मारल्या, रहीमभाई वळले न्हाईत. साहेब समोर येऊन वरडला, "काम कानाचं, अन् माणूस बहिरा? उद्यापासून घरी बसा."

रहीमभाईंच्या घरी खाणारी सात तोंडं. ते म्हणाले, "परीक्षा घ्या, साहेब."

साहेबानं दोन वाट्या मांडल्या. एकीत स्वतः पाणी मिसळलं, कुणाला न दाखवता. मी भाकरीचं फडकं घट्ट धरून दारात उभी.

पहिलीत सळई गेली. रहीमभाई म्हणाले, "चांगलं हाय."

दुसरीत गेली. "पाणी हाय, साहेब."

साहेबानं कागदावर लिहिलं, कान शाबूत. अन् टांग्यात बसून गेला.

मालक रहीमभाईंच्या कानाशी जाऊन वरडले, "कळलं कसं?"

"मांजर बघत होतो."

"अन् मांजर मेली तर?"



दुसऱ्या दिवशी सकाळीच रहीमभाई माझ्या दारात उभे. "भाबी, तुमच्या मांजरीला पिल्लं झालीत म्हणं. एक द्या." मी पिल्लू उचलून दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"कान बरे हायेत ना ह्याचे?"