मुठीतलं नाणं

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये.

आज बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या आमच्या घरी बाबांनी साठच्या दशकात काढलेली फिल्म कॉम्प्युटरवर लावली. तीन महिन्यांचा माझा दादा पाळण्यात. आई त्याला घेऊन नुकतीच माहेरहून बंगळूरला परतलेली. कॉलनीतल्या बायका बाळ बघायला आल्यात, त्याच्या मुठीत नाणं ठेवताहेत. दादा मूठ सोडतच नाही. फिल्मला आवाज नाही, पण शेजारच्या कमलक्का काय म्हणाल्या ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: "मोठा सावकार होणार हो हा!"

नवजात बाळांची डॉक्टर असलेल्या माझ्या भाचीने फिल्म थांबवली.

"मावशी, मामा जन्मताना गुदमरला होता ना? या वयात बाळाची मान, मनगटं सतत बारीक हलत असतात. याची हलतच नाहीत. आता आम्ही एवढ्यावरून सेरेब्रल पाल्सीचा अंदाज बांधतो."

दादाचं निदान व्हायला तेव्हा काही वर्षं गेली होती.

फिल्म पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिसलं. सगळ्या खदखदून हसताहेत, एकटी आई नाही. ती त्याची बोटं उघडते. बोटं परत मिटतात. ती पुन्हा उघडते.

मी मागे वळले. नव्वदीची आई मांडीवर स्वतःचीच मिटलेली मूठ हळूहळू उघडत होती.

"आई, तुला कळलं होतं?"

"सगळ्या इतक्या हसत होत्या गं. कुणाला सांगणार?"

तुमच्या जुन्या फोटोंत कोण हसत नाहीये? ती अजून असेल, तर विचाराल तिला?