आधी मोडणारा पंखा

बपेऱ्यात ताराचंदच्या घराचा पत्ता विचारला तर लोक एवढंच सांगतात, "ज्याच्या गोठ्यात बैल नाई, विमान हाये, तेच." तुमसरच्या राईस मिलमध्ये फिटर म्हणून हयात घालवून हा माणूस घरी बसला. त्या वयात लोक देवधर्माला लागतात, हा विमानाला लागला. एका माणसापुरतं, नळ्या आणि कापडाचं विमान. शेपूट झालं, पंख झाले, इंजिन बसलं. राहिला तो नाकावरचा फिरता पंखा, आणि तिथं सारा पावसाळा गाडं अडलं.

गावाच्या लेखी पंखा म्हणजे पंखा, त्यात एवढं काय? पण नागपूरचा भाचा कमलेश फोनवर समजावून सांगायचा, की मामाजी, कार्बन फायबरचा घ्या. पाती सैल करून त्यांचा कोन बदलता येतो. आखूड रानातून उठायचं तर एक कोन, लांब जायचं तर दुसरा. ताराचंदला ते पटायचं. पण ज्यानं जन्मभर नट आवळले, त्याला पाती मुद्दाम सैल करण्याची कल्पना सोसेना. लाकडाचं तर त्यानं नावच काढू दिलं नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, चैतात आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. त्याचा जीव ॲल्युमिनियमवर होता. मिलमध्ये जे मोडलं त्यापायी त्यानं शिव्याच खाल्ल्या होत्या. न मोडणारं ते चांगलं, हा त्याचा धर्मच झाला होता.

कुंताबाईला कुणी विचारलं नव्हतं. ती गोठ्यात चहा ठेवायची आणि उभ्या उभ्याच परतायची. उडायची परवानगी अजून आलेली नव्हती. धान कापून झालं की बांधीत, म्हणजे मातीच्या धुऱ्यांमधल्या धानाच्या तुकड्यात, नुसतं धावून पाहायचं, असं नवऱ्यानं सांगितलं होतं. पण आज धावणारा उद्या उडणार, एवढं तिला कळत होतं, आणि इंजिन बसल्यापासून तिची झोप गेली होती.

एका संध्याकाळी ती चहा ठेवून गेली नाही.

"धुरा लागला पंख्याले, तं काय मोडते?"

ॲल्युमिनियमचा मोडत नाही, फार तर वाकतो, असं ताराचंदनं ऐटीत सांगितलं.

"मंग तो झटका जाते कोठी?"

ताराचंदनं इंजिनाकडे पाहिलं. झटका जातो इंजिनाच्या दांड्यात. तिथं केसाएवढी चीर पडते, ती दिसत नाही, आणि पुढं कधीतरी हवेत तुटते. हे त्याला ठाऊक होतं. फक्त आपल्या बाबतीत ते त्यानं मनात येऊ दिलं नव्हतं.

कुंताबाई पाटावर बसली. तिचे वडील शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकणारे नावाजलेले धुरकरी. छकड्याच्या जुवात बैलांच्या मानेशी ज्या खुंट्या असतात, त्या शिवळा ते मुद्दाम कच्च्या बांबूच्या घालायचे. बैल पडला तर शिवळ मोडावी, मान नाही. एका वर्षी तिच्या भावानं हौसेनं लोखंडी बसवल्या.

"बैल उठला नाई," ती म्हणाली. "बाबा मंग पटावर गेलेच नाई. मले तुमच्या विमानाचं काई समजत नाई. पण तुमच्या आधी कायतरी मोडाले पायजे ना."

त्यानंतर त्या गोठ्यात ॲल्युमिनियमचं नाव निघालं नाही. ताराचंदनं शिवणीच्या लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवल्या आणि त्यातून पंखा कोरला. कोन एकच, आखूड रानाला चालेल असा. कडेला पितळी पट्टी ठोकली. पंखा सुरीच्या धारेवर तोलून समतोल होईपर्यंत घासला. लोक सकाळी उठून शुगर तपासतात, तसा हा बोल्ट तपासू लागला.

धान निघालं. मधले धुरे फोडून बांध्या सलग केल्या. पहिल्या धावेला विमान गावच्या बकऱ्या उधळत निम्म्या रानापर्यंत नीट गेलं. मग चाक फोडलेल्या धुऱ्याच्या खळग्यात गेलं, नाक खाली आपटलं आणि लाकडाच्या चिपा धसकटावर पसरल्या.

कुंताबाई धावत पोचली तेव्हा ताराचंद पट्टा सोडून खाली उतरत होता. तिनं आधी त्याच्या मानेला हात लावला, मग खांद्याला, मग दोन्ही हातांना. पंख्याचा उरलेला बुडखा त्यानं काढला, दांडा वाकला का ते दाखवणारं काट्याचं गेज लावलं आणि हातानं दांडा सावकाश पूर्ण फिरवला. काटा हलला नाही. त्यानं तिलाही पाहायला लावलं. तिला काट्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिनं वाकून पाहिलं.

मग चिपा वेचून ओच्यात घेता घेता तिनं विचारलं,

"दुसऱ्यासाठी फळ्या हाये ना घरी?"